लेकीसमोर दिलेले उत्तर

स्मरणिकेसाठी पालकांनीही चार शब्द लिहावेत, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा प्रथम सुचले ते गौरवाचेच शब्द. वसतिगृहाची शिस्त, पहाटेची वंदना, मुलांच्या बोलण्यात आलेला धीटपणा. हे सारे लिहिणे सोपे होते. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीतला एक प्रसंग दडवून गौरव लिहिणे आमच्याने होईना.

आम्ही शहरात भाड्याचे घर शोधत होतो. सातवीत शिकणारी आमची लेक सोबत होती. घर पसंत पडले, भाडे आणि अनामत ठरली. मग घरमालकांनी सहज विचारावे तसे आडनाव विचारले. हा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्या समाजात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. आमचे आडनाव अनेक समाजांत आढळते. ते ऐकून गृहस्थ हसले व म्हणाले, "म्हणजे आमच्यातलेच ना?" यापूर्वी दोन घरे अशाच प्रश्नानंतर हातची गेली होती. आम्ही "हो" म्हणालो.

लेक काही बोलली नाही. रात्री वंदनेला बसली तेव्हा पंचशीलातील चौथ्या शीलापाशी क्षणभर थांबली, आमच्याकडे पाहिले, आणि पुढचे शील म्हणू लागली.

मज्झिम निकायात अम्बलट्ठिका येथे तथागतांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. पाय धुतल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून ते सांगतात, की जाणूनबुजून असत्य बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच उरते. मग ते पाणी ओतून देतात, भांडे पालथे घालतात, पुन्हा सुलटे करून रिकामे भांडे दाखवतात. पित्याने पुत्राला दिलेला हा धडा आम्ही विहारात कैक वेळा ऐकला होता. त्या रात्री आमच्या घरी भांडे लेकीच्या हाती होते.

पालकसभेत आम्ही बापमंडळी मोबाईलविषयी तक्रार करतो. तक्रार खोटी नाही, पण सोयीची आहे. सिगालोवाद सुत्तातला सिगाल रोज पहाटे सहा दिशांना नमस्कार करी. का, तर मरताना बापाने सांगितले म्हणून. आम्हीही मुलांना 14 एप्रिल, 6 डिसेंबर, त्रिसरण, पंचशील सारे सांगतो आणि बाबासाहेबांची तसबीर मात्र दिवाणखान्यातून आतल्या खोलीत नेतो. धम्म शिकवण्याचे काम शाळेकडे सोपवले, की आपण मोकळे!

आमचे वडील 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांच्या गर्दीत होते. गावी परतल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले, तेही दिवसाढवळ्या. गावाने काय केले, ते त्यांनी पुढे फारसे सांगितले नाही. त्यांना लपण्याची सोयच नव्हती. गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे घर ठाऊक. शहराने आम्हांला नोकरी दिली, पगार दिला, मुलांना शिकवण्याची ऐपत दिली, आणि त्यासोबत ही लपण्याची सोयही दिली. आधुनिक जीवनाचा आमच्यापुरता सर्वांत मोठा मोह हाच आहे, असे आता वाटते.

काही मित्र म्हणतात, दोष विचारणाऱ्याचा. निवाऱ्यासाठी बोललेल्या खोट्याला पाप म्हणू नये. विचारणारा दोषी आहे, यात शंकाच नाही. पण लेकीने त्या "हो" मध्ये घराची निकड ऐकली नसावी. बापाला आपल्या माणसांची लाज वाटते, एवढेच तिने ऐकले असावे. तो समज पुसायला आमच्याकडे शब्द नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही घरमालकांना दूरध्वनी केला आणि आम्ही बौद्ध असल्याचे सांगितले. "कळवतो," म्हणाले. कळवले नाही. सध्या आम्ही शहराच्या कडेला दोन खोल्यांत राहतो. कामावर पोहोचायला पाऊण तास अधिक लागतो. तसबीर दारातून दिसेल अशा भिंतीवर लावली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक आली, उंबऱ्यात उभी राहून तिने तसबिरीकडे पाहिले, मग दोन्ही खोल्या फिरून आली आणि म्हणाली, "पप्पा, इथे अभ्यासाला खिडकी नाही."