चावी कुणाकुणाकडे?

नवी जागा ताब्यात आली, की शहाणी गृहिणी आधी दाराचे कुलूप बदलून घेते. सुतार, रंगारी, नळवाला, कुणाच्या खिशात जुनी चावी राहिली असेल याचा काय नेम?

एवढे साधे व्यवहारज्ञान संगणकापाशी आले की कुठे जाते कोण जाणे! आमच्या वाचनालयाचेच पाहा. सभासदांची नावे, पत्ते, फोन, वर्गणीची बाकी, सारे २०१२ पासून एका संगणकावर, मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सर्व्हरमध्ये आहे. डेटाबेस सर्व्हर म्हणजे नोंदी सांभाळणारा आणि मागेल त्याला काढून देणारा कारकूनच म्हणा ना! परवा नवे यंत्र आले म्हणून भाच्याला बोलावले. पाच मिनिटांत तो ओरडला, "अहो मामा, इथं तर दारं सताड उघडी आहेत!"

'रूट' हा या घराचा मालक. त्याला पासवर्डच नाही! त्या खुर्चीत बसेल त्याने सारी यादी वाचावी, नाही तर पुसून टाकावी. शिवाय एक निनावी खाते, आणि 'टेस्ट' नावाची सर्वांना मोकळी खोली.

"कुणाचा हा उपद्व्याप?"

"कुणाचाच नाही. बसवणाऱ्याची सोय म्हणून त्या वेळी माल असाच यायचा. मागाहून बंद करायचं, ते राहून गेलं."

हे राहून जाणे महागात पडते. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस इंटरनेटवर बिनपासवर्डाचे सापडले. चोरांनी ते रिकामे करून आत खंडणीची चिठ्ठी ठेवली. कुलूप फोडावे लागलेच नाही!

पुढे कर्त्यांनीच दारे लावून माल द्यायला सुरुवात केली. मायएसक्यूएलच्या २०१५ च्या ५.७ आवृत्तीत निनावी खाते आणि टेस्टची खोली गेली. पोस्टग्रेसक्यूएलनेही २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत, सामाईक जागेत कुणीही नवे तक्ते मांडावेत ही मुभा काढून घेतली. पण मेख अशी, की जुने बिऱ्हाड नव्या आवृत्तीत हलवले तरी जुन्या परवानग्या सामानाबरोबर येतात.

भाच्याने 'मायएसक्यूएल सिक्युअर इन्स्टॉलेशन' ही सोबतच मिळणारी आज्ञा चालवली. मालकाला पासवर्ड द्यायचा? निनावी खाते काढायचे? मालकाला दुरून प्रवेश बंद? टेस्टची खोली पाडायची? सर्वांना त्याने "होय" म्हटले. मग ग्रंथपालबाईंना वेगळे खाते दिले. या एकाच यादीत वाचायचे, लिहायचे, बस्स!

बाई जरा रुसल्या. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे हो. पण उद्या तुमचा पासवर्ड भलत्याच्या हाती पडला, तर नुकसान एका खोलीपुरतं राहील."

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दार उघडे ठेवतो. पण निजताना कडी घालतोच ना? आपल्या सोसायटीच्या, मुलांच्या क्लासच्या यादीला कडी कुणी घातली आहे का, एवढे या दिवाळीत अवश्य विचारा.