चौथ्या क्रमांकाचे यश

अमेरिकेत पर्यायी रॉक घराघरांत पोहोचवल्याचे श्रेय सरसकट 'निर्वाना' या बँडला दिले जाते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. त्यांचे 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' सप्टेंबर १९९१ मध्ये आले. त्याच वर्षी, त्याच्या काही महिने आधी, 'आर. ई. एम.' या बँडचे 'लूझिंग माय रिलिजन' हे गाणे 'बिलबोर्ड' नियतकालिकाच्या मॉडर्न रॉक यादीत आठ आठवडे अव्वल राहिले होते.

पण खरी नोंद घ्यावी ती दुसऱ्या आकड्याची. मॉडर्न रॉक यादी १९८८ मध्ये सुरू झाली ती पर्यायी रॉक वाजवणाऱ्या निवडक रेडिओ केंद्रांच्या भरवशावर. तिथे पहिले येणे म्हणजे आपल्याच माणसांत वाहवा मिळवणे. 'बिलबोर्ड'च्याच 'हॉट १००' या मुख्य यादीत मात्र पॉपच्या बड्या नावांशी गाठ. तिथे हे गाणे चौथे आले. जॉर्जियातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० मध्ये जमलेल्या या चौघांची दोन गाणी त्याआधीही पहिल्या दहांत गेली होती. मग याचे अप्रूप कशाला?

कारण हे गाणे लोकप्रिय होण्याचे एकही लक्षण अंगावर बाळगत नाही. गिटारवादक पीटर बक टीव्ही पाहता पाहता नव्या मेंडोलिनवर हात बसवत होता आणि ते टेप होत होते. त्या खटाटोपातच ही सुरावट सापडली. गाण्यात मेंडोलिन पुढे, गिटारचा गोंगाट नाही आणि श्रोत्याने सहज उचलावे असे ठसठशीत ध्रुवपदही नाही. गायक मायकेल स्टाइप गातो ते एकतर्फी ओढीबद्दल, तेही अडखळत, बोलून गेल्याचा पस्तावा झाल्यासारखे. असे गाणे अल्बममधून आधी बाजारात आणायला कंपनीही बिचकत होती, यात नवल नाही.

गाण्याच्या चित्रफितीत आपल्याकडचा धागा आहे. दिग्दर्शक तरसेम सिंग मूळचा जालंधरचा. चित्रकार कॅराव्हॅजिओच्या चित्रांतला अंधार-उजेड आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांत शोभावे तसे हिंदू देवतांचे देखावे त्याने बेधडक शेजारी मांडले. थोडे भडक वाटते खरे, पण स्टाइपच्या अवघडलेल्या नाचाला ते शोभून दिसते. एमटीव्हीने त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट चित्रफीत म्हणून तिचा गौरव केला.

बँड २०११ मध्ये विसर्जित झाला. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गीतकारांच्या सन्मान सोहळ्यात चौघे पुन्हा एका मंचावर आले, तेव्हा त्यांनी वाजवायला निवडले ते हेच गाणे.