भयाची पेरणी आणि आपण

अफवा गरिबाला मारते आणि पुढाऱ्याला पोसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत कोणाला कडवट वाटेल. पण नाशिक आणि शेजारच्या जिल्ह्यांनी गेल्या काही वर्षांत जे पाहिले, ते याहून अधिक कडवट आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी, भर बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठार मारले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातून पोटासाठी आलेली ही माणसे. त्यांचा अंत झाला तो ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्याच सुमारास आमच्याच जिल्ह्यातील मालेगावात, त्याच संशयावरून, एका कुटुंबावर जमाव चालून गेला. त्यांच्यात एक तान्हे लेकरूही होते. पोलीस वेळेवर धावले, म्हणून ते कुटुंब वाचले. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची चोर समजून हत्या झाली. त्या साधूंना समाधी दिली गेली ती आमच्या त्र्यंबकेश्वरात.

मालेगाव मुसलमानबहुल शहर. राईनपाडा व गडचिंचले ही आदिवासी गावे. मारले गेले ते भटके आणि संन्यासी. अफवेने ना मारणाऱ्याची जात पाहिली, ना मरणाऱ्याचा धर्म. तिला हवा असतो तो केवळ परका, आणि ज्याच्या बाजूने बोलायला गावात कोणी नाही असा.

गडचिंचलेचे रक्त वाळण्याआधीच मात्र या घटनेला धर्म चिकटवण्यात आला. कोणी मुसलमानांकडे बोट दाखवले, कोणी मिशनऱ्यांकडे. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, तीत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. मृतांसाठी शोक करण्याऐवजी मारेकऱ्यांचा धर्म मोजावा लागावा, याहून मोठी नामुष्की ती कोणती? जी अफवा खेड्यात काठीने मारते, तीच शहरात दूरदर्शनच्या पडद्यावरून मारते.

आता आपल्याविषयीच्या भयाकडे वळू. ख्रिस्ती लोक देश बाटवीत आहेत, असे म्हटले जाते. जनगणना काय सांगते? १९५१ साली देशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण सुमारे २.३ टक्के होते. २०११ सालीही ते तेवढेच होते. महाराष्ट्रात ते एक टक्क्यालाही पोहोचत नव्हते. साठ वर्षांत जो समाज जागचा हलला नाही, तो देश गिळायला निघाला आहे, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. ‘लव्ह जिहाद’ आणि सक्तीचे धर्मांतर यांवर उपाय सुचवणे हे तिचे काम.

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की फसवणुकीने वा आमिषाने धर्मांतर होतच नाही, असे तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याला आमचे उत्तर सरळ आहे. जेथे बळजबरी वा फसवणूक सिद्ध होईल, तेथे शिक्षा व्हावी. ती करणारा आपल्या नावाचा असला तरी व्हावी. किंबहुना आपल्या ख्रिस्तसभेचाही तोच कायदा आहे. कोणाच्याही सद्सद्‌विवेकाविरुद्ध त्याला श्रद्धा स्वीकारायला भाग पाडू नये, असे धर्मसभेच्या विधिसंहितेचे ७४८ वे कलम सांगते. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच तत्त्व मांडले. परंतु उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे, श्रद्धा बदलू इच्छिणाऱ्या प्रौढ नागरिकाने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावे, हा न्याय नव्हे. हा भयाला दिलेला सरकारी शिक्का आहे. माणसाचा देव कोणता, हे कचेरीत ठरू लागले, तर उद्या ते कोणाच्याही बाबतीत ठरेल.

येथवर वाचून आपले वाचक मान डोलावतील. म्हणून पुढचे अधिक आवर्जून सांगतो.

भयाची ही पेरणी आपल्या अंगणातही चालू आहे. मिस्सा आटोपून घरी येईपर्यंत धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर एखादा संदेश आलेला असतो: अमुक समाजापासून आपल्या मुलींना जपा, तमुक वस्तीतून भाजी घेऊ नका. त्यावर तारीख नसते, गाव नसते, सांगणाऱ्याचे नाव नसते. तरी तो दहा घरी पोहोचतो. राईनपाड्याला पोहोचलेला संदेश याहून वेगळा नव्हता.

आपल्याला तरी हे शोभत नाही. कारण आपला इतिहासच अफवेने सुरू झाला. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले, तेव्हा नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला. आणि पुढे सत्ता आपल्या हाती आल्यावर? १३४८ साली युरोपात प्लेग पसरला, तेव्हा यहुद्यांनी विहिरींत विष कालवले अशी आवई ख्रिस्ती लोकांनीच उठवली. पोप सहावे क्लेमेंट यांनी आज्ञापत्र काढून बजावले, की यहुदीही याच रोगाने मरत आहेत, आणि जेथे यहुदी नाहीत तेथेही रोग आहेच. इतका साधा युक्तिवाद! पण भ्यालेल्यांनी पोपचेही ऐकले नाही. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्गमध्ये यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. मार खाल्लेला समाज दुसऱ्याला मारणार नाही, याची खात्री इतिहास देत नाही.

मग करावे काय? घराची दारे लावून गप्प बसावे, असा सल्ला आपल्यातील शहाणी माणसे देतात. आम्हाला तो मान्य नाही. गप्प बसणारा समाज गावाला परका होतो, आणि परक्याचे काय होते ते वर सांगितले आहे. दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सर्व धर्मांचे भाविक येतात. मेणबत्ती लावतात, नवस फेडतात आणि आपापल्या धर्मात परत जातात. त्यांना कोणी बाटवले नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. हा शेजार हीच आपली खरी तटबंदी आहे. ती वर्षातून एकदा नव्हे, रोज बांधली पाहिजे: शांतता समितीत बसून, ग्रामसभेत बोलून, शेजारच्या मशिदीवर वा मठावर खोटा आळ आला तर सर्वांआधी त्यांच्या दारी जाऊन.

आणि ज्या संदेशाला तारीख, गाव व सांगणाऱ्याचे नाव नाही, तो पुढे पाठवू नये. पाठवणाऱ्याला, मग तो आपला मेहुणा असो वा धर्मग्राम समितीचा सभासद, ‘हे कुठून आले?’ असे सर्वांदेखत विचारावे. थोडा रुसवा पदरी येईल. राईनपाड्यात त्या दिवशी एवढे विचारणारी दहा माणसे पुढे आली असती, तर पाच जीव कदाचित घरी परतले असते.