चकाकीला भुलू नका, कड पाहा

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पेटीतले चांदीचे रुपये चिंच नाहीतर टूथपेस्ट लावून घासायची आपल्याकडची रीत आता बंद करायला हवी. घासलेला रुपया चमकतो खरा, पण अक्षरांच्या कडा झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी तो चांदीच्या भावावर येतो. त्यातच असा चकचकीत केलेला रुपया ‘प्रूफ’ म्हणून गळ्यात मारणारेही आहेत.

प्रूफ नाणं मुळात चलनासाठी नसतंच. टांकसाळीत त्याचे ठसे आणि चकती दोन्ही घोटून आरशासारखी करतात आणि ठसा एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे मोकळ्या जागेत तोंड दिसावं अशी झळाळी येते आणि अक्षराची कड धारदार उठते. पॉलिश केलेल्या रुपयाला भिंग लावा. बारीक ओरखडे दिसतील, अक्षरं गोलसर, विरघळल्यासारखी वाटतील. शिवाय मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या वर्षांची नाणी नंतर पुन्हा पाडून दिली. ती खोटी नव्हेत, पण त्यांना मूळ प्रूफचा भाव मागणं ही लबाडीच.

आपल्या ताडकळस गावातल्या जुन्या घरांत रुपये निघतात ते दोन राज्यांचे. एक इंग्रजांचा कलदार, दुसरा निजामाचा हाली. राणी छाप कलदाराचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे नेमका जुना एक तोळा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. हाली 11.18 ग्रॅमचा, चांदी 81.8 टक्के. शंभर कलदाराला 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, असा जो सरकारी दर होता, तो दोन्हींतल्या शुद्ध चांदीच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही सात हालीला सहा रुपये हाच हिशेब राहिला.

पारख करायची तर आधी वजन बघा. लोहचुंबकावर फार विसंबू नका, कारण जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. सराफाच्या बारीक काट्यावर रुपया दोऱ्याने पाण्यात सोडून तोलला, तर अस्सल राणी छाप सुमारे 1.13 ग्रॅमने हलका भरतो. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा रुपया साधारण 1.35 ग्रॅमने हलका भरेल. मग कड पाहा. ओतीव नकलेच्या कडेला सांधा दिसतो, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात.

1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला फार. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि कडेच्या दात्यांमधून एक खाच फिरवली गेली. तेव्हा 1939 साल आणि कडेला खाच, असा रुपया समोर आला की तो बनावट. 1938 च्या आठाचा नऊ केलेलाही असतो. त्या एका आकड्यावर भिंग धरा.

पण माझी खरी तळमळ हालीसाठी आहे. चांदी कमी, म्हणून तो मोडीत आधी जातो. एकदा नीट बघा तरी! मधोमध चारमिनार, त्याच्या कमानीत एक फारसी अक्षर. ‘मीम’ असेल तर महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर उस्मान अली खान. मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव, फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. साल हिजरी, म्हणून 1330 वाचून तो सातशे वर्षांचा समजू नका. तो 1911-12 चा. आपल्या आज्या-पणज्यांनी सारा याच रुपयाने भरला. बहुतेक हालींना बाजारात फार मोठी किंमत येत नाही, हे खरंच. पण वितळवला की गावाचा तेवढा दस्तऐवज गेला.

शेतात जुन्या नाण्यांचा हंडा सापडला तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा, असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या; रिझर्व्ह बँकेने 2021 मध्येच आपल्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिला होता. नाण्यांचा अभ्यास कसा होतो हे पाहायचं असेल, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. जाताना घरचा हाली बरोबर न्या, न घासता, कागदात गुंडाळून.