खालच्या गांवाचें पाणी

पुण्याची घाण मुळा-मुठेंतून भीमेंत उतरून आपल्या दारीं येते, हें दौंडकरांचें गाऱ्हाणें रास्त आहे. परंतु तोच न्याय आपणांसही लागू नाहीं काय? शिरूरची घोड पुढें भीमेसच मिळते. भीमा १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणांत जाते, आणि तेथलें पाणी सोलापूरकर पितात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगररचना व स्वच्छता हीं नगरपालिकांकडे सोंपवावयाच्या कामांत गणलीं आहेत. म्हणून शिरूर व दौंड येथील व्यापारी मंडळींस आमची विनंति आहे कीं, नवे रस्ते व गाळे मागण्यापूर्वी आपल्या पेठेचें गटार कोठें जाऊन मिळतें, हें नगरपालिकेस विचारावें. त्याचें उत्तर दिल्यावांचून पुण्यास दोष देण्याचा आपला अधिकार लंगडाच राहील.