फलकावरचे तीस दिवस

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्न धर्मांच्या स्त्री-पुरुषांना धर्म न सोडता विवाह करण्याचा मार्ग खुला केला. १८७२ च्या कायद्याखाली हिंदू व मुसलमान यांना परस्परांशी विवाह करावयाचा तर आपापला धर्म मानीत नसल्याचे लिहून द्यावे लागे; ती अट गेली. परंतु या पुरोगामी कायद्याच्या पोटात एक जुनाट तरतूद राहून गेली, आणि आज ती प्रतिगामी शक्तींचे हुकमी हत्यार बनली आहे.

विवाहेच्छूंनी विवाह अधिकाऱ्याला आगाऊ नोटीस द्यावी, असे कायदा सांगतो. नाव, वय, धंदा व पत्ता यांसह ती कचेरीच्या फलकावर लागते. नोंदवही कोणीही विनामूल्य पाहू शकतो. मुलीचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या कचेरीकडेही रवाना होते. म्हणजे जेथून ती जीव मुठीत धरून निघाली, तेथेच सरकार तिचा ठावठिकाणा कळविते! त्यानंतर ३० दिवस थांबावयाचे.

या मुदतीत आक्षेप कोणीही घेऊ शकतो. कारणे मात्र मोजकीच आहेत: आधीचा विवाह कायम असणे, वय कमी असणे, मानसिक असमर्थता, निषिद्ध नाते. आईबापांची नापसंती हे कारण नव्हे. धर्म अथवा जात तर नव्हेच. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही याच स्वरूपाच्या अटी आहेत. तेथे नोटीस कोणी मागत नाही. खोटे सांगून दुसरे लग्न करणाऱ्यास शिक्षेची तरतूद पुरेशी मानली जाते. मग धर्माची भिंत ओलांडणाऱ्यांनाच हा फलक कशासाठी?

पुरुषाला हे तीस दिवस धास्तीचे जातात. स्त्रीच्या बाबतीत तेवढ्या अवधीत तिला कोंडून घालता येते, तिची नोकरी वा महाविद्यालय बंद करता येते, घाईघाईने दुसरीकडे लग्न लावून देता येते. २००७ साली हरियाणात कैथल जिल्ह्यातील एका सगोत्र जोडप्याची, न्यायालयाने पोलीस संरक्षण दिलेले असतानाही, मुलीच्या नातलगांनी हत्या केली. तो विवाह या कायद्याखालचा नव्हता. पण घराचा पत्ता लागणे म्हणजे काय, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. सरंजामी घराण्याची 'अब्रू' मुलीच्या शरीरावर गहाण ठेवलेली असते, आणि त्या अब्रूच्या मागे जमिनीचा व जातीचा हिशेब असतो.

फलक टाळण्यासाठी कोणी धर्म बदलून विवाह करू पाहील, तर उत्तर प्रदेशाने २०२० च्या वटहुकुमाने व २०२१ च्या कायद्याने तीही वाट अडविली. तेथे जिल्हाधिकाऱ्याला ६० दिवस आधी कळवावे लागते, आणि पोलीस धर्मांतरामागील 'खरा हेतू' तपासतात. बेकायदा धर्मांतर स्त्रीचे असेल तर शिक्षा अधिक कडक. तीच शिक्षा अज्ञान बालकाच्या बाबतीत. सज्ञान स्त्री बालकाच्या पंक्तीत बसविली गेली, आणि त्याला तिचे संरक्षण म्हणावयाचे! महाराष्ट्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. मुलीने मागितलेली नसताना ही 'मदत' देऊ केली जाते.

केरळ सरकारने जुलै २०२० मध्ये या नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबविले. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जोडप्याने स्वतः मागणी केल्याखेरीज नोटीस प्रसिद्ध करू नये, असा निर्णय दिला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत, पण त्या आपापल्या कक्षेपुरत्या. कलमे अजून कायद्याच्या पुस्तकात आहेत. ती रद्द करणे हे संसदेचे काम आहे, आणि लोकशाहीवादी महिला चळवळीने ही मागणी खासदारांच्या दारात नेली पाहिजे.