पदके पेटीत किती दिवस ठेवावयाची?

ज्या कामासाठी मनुष्याने घाम गाळला, त्या कामाची एखादी खूण जवळ असावी असे त्याला वाटते, हे स्वाभाविकच आहे. शेतकरी पहिल्या पिकाची कणसे चौकटीवर टांगतो. व्यापारी पेढीच्या पहिल्या वर्षाची रोजकीर्द लाल फडक्यात बांधून ठेवतो. अशा खुणांना बाजारात भाव नसतो. परंतु घरात त्यांना मान असतो, कारण त्यांच्यामागे काय घडले हे सांगणारा कोणीतरी तेथे हयात असतो. सांगणारा गेला म्हणजे मात्र तीच वस्तू अडगळ ठरते. पुढील विवेचन याच एका विचारावर आधारलेले आहे.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील तरुण व्यापारीवर्गात अलीकडे धावण्याची हौस वाढली आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली आणि साताऱ्याची डोंगरातील अर्धमॅरेथॉन २०१२ साली. नागपूर तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. गादीवर बसून ज्यांचे पोट सुटावयाचे, ते तरुण पहाटे उठून मैलोगणती धावतात, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. काही वडीलधारी मंडळी यास रिकामपणाचा उद्योग म्हणतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. मधुमेह आणि रक्तदाब हे बैठ्या धंद्याचे जुने भागीदार आहेत. नफ्यात ते वाटा मागत नाहीत, थेट मुद्दलास हात घालतात. त्यांना दूर ठेवणारी कोणतीही हौस महाग म्हणता येणार नाही.

आमचा प्रश्न हौसेविषयी नसून हौसेमागे उरणाऱ्या मालाविषयी आहे. प्रत्येक शर्यतीत धावणाऱ्यास एक पदक, एक टी-शर्ट व छातीवर लावावयाचा क्रमांकाचा कागद मिळतो. वर्षाकाठी चार शर्यती धरल्या, तरी दहा वर्षांत चाळीस पदके आणि चाळीस टी-शर्ट होतात. आरंभी ही पदके बैठकीत खिळ्यावर असतात, पुढे आतल्या खोलीत जातात, शेवटी पेटीत. टी-शर्टांची गाठोडी माळ्यावर चढतात.

आम्ही ठोक धान्याचे व्यापारी. गोदामात पडून राहिलेल्या मालाचे दुःख आम्हांस कोणी शिकवावयास नको. तूर असो वा गहू, पोते वेळेवर हलले नाही तर त्यास टोके लागतात. पदकास टोके लागत नाहीत हे खरे. पण ते बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असून वर सोनेरी वा रुपेरी मुलामा असतो, तेव्हा मोडीतही त्याचे फारसे मोल येत नाही. टी-शर्ट बहुधा पॉलिएस्टरचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीचाच भाऊबंद. उकिरड्यावर टाकला तरी तो वर्षानुवर्षे कुजत नाही. म्हणजे ठेवावे तर जागा अडते आणि फेकावे तर भूमी बिघडते. शिवाय त्यात स्वतःचा घाम मुरलेला असल्यामुळे फेकण्यास हात धजत नाही, तो निराळाच.

आपल्या परंपरेत परिग्रहास मर्यादा घालण्याचा नियम आहे. त्यात वस्तू किती एवढेच पाहावयाचे नसते. तिच्याविषयीचे ‘माझे माझे’ किती, हेही पाहावयाचे असते. पदकाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे.

थोर खेळाडूंच्या खुणांचे काय झाले, हे पाहिले असता पुष्कळ बोध होतो. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले व एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेडुतांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा यांनी भारताचा चमू पाठविण्याचे मनावर घेतले, म्हणून ते घडले. एकोणिसाव्या क्रमांकास ऑलिंपिकचे पदक नसते. तरीही शंभर वर्षांनंतर ते नाव आपण घेतो, कारण त्याची हकीकत कोणीतरी लिहून ठेवली. दुसरे उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांचे. लोकांनी पैसे जमवून त्यांस हेलसिंकीस धाडले आणि १९५२ साली त्यांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. त्यांच्या नावाने कुस्तीचे केंद्र उभे राहत नाही, हे पाहून २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी ते पदकच लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली. पदक घरात राहण्यापेक्षा गावात आखाडा उभा राहावा, हा त्यामागील विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. मिल्खासिंग यांनी आपली पदके राष्ट्रास अर्पण केली, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील जोडे २०१२ साली समाजकार्यासाठी लिलावात दिले. रोमला त्यांना चौथा क्रमांक मिळाला होता. म्हणजे ते जोडे विजयाचे नव्हते. तरीही ते उपयोगी पडले.

आणि दूर कशाला जावे? आपल्या जाम नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यातील गोटमारीत जे दगड चालतात व जी माणसे जायबंदी होतात, त्यांचे समर्थन आम्ही कदापि करणार नाही. परंतु त्या रिवाजातील एक अंग विचार करण्यासारखे आहे. जिंकलेले निशाण कोणी आपल्या घरी नेत नाही. ते चंडीमातेच्या देवळात अर्पण करतात. खूण एकाच्या हाती येते, पण ती साऱ्या गावाची होते. दगड सोडून तेवढे घेतले, तर आपल्या धावपटूंना अन्य गुरू शोधावयास नको.

यावरून आम्ही असे म्हणतो की, खुणेस अर्थ येण्याच्या तीन वाटा आहेत: ती सांगितली जावी, ती वापरली जावी, किंवा ती दिली जावी. तिन्हींपैकी एकही न घडल्यास ती केवळ धातू आणि कापड.

पहिली वाट सर्वांत स्वस्त आहे. पोत्यावर चिठ्ठी नसेल तर आतला माल कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, हे मालकासही चार महिन्यांनी सांगता येत नाही. पदकाचेही तसेच. प्रत्येक पदकामागे एक लहान चिठ्ठी चिकटवावी: दिनांक, गाव, अंतर, लागलेला वेळ, सोबत कोण होते, आणि त्या दिवशीची एक आठवण. क्रमांकाचे कागद एका जाड वहीत डकवून शेजारी दोन ओळी लिहाव्यात. वर्षांचा हिशोब जुळविण्याची आपणांस सवय आहेच. ही देहाची खतावणी समजावी. चाळिसाव्या वर्षी किती धावत होतो आणि साठाव्या वर्षी किती, हे नातवंडांस त्यात वाचावयास मिळेल. चाळीस पदकांपेक्षा अशी एक वही घरात अधिक बोलेल. ती लिहून झाल्यावर मनाला भिडलेली चार-पाच पदके तेवढी ठेवावीत. बाकीच्यांविषयीचा मोह आपोआप कमी होतो.

दुसरी वाट वापराची. परदेशात शर्यतींचे टी-शर्ट कापून त्यांची पांघरुणे शिवण्याची चाल आहे. आपल्याकडे त्यासाठी नवे काही शिकावयास नको, कारण गोधडी घरोघर ठाऊक आहे. टी-शर्टचे कापड ताणले जाते, यास्तव आत जुन्या सुती लुगड्याचे वा धोतराचे थर घालावेत, म्हणजे टाके बसतात. पॉलिएस्टर आगीजवळ वितळते व अंगास चिकटते. म्हणून अशी गोधडी चुलीपासून व शेकोटीपासून दूर वापरावी. मुख्य गोष्ट ही की, गोधडी शिवणाऱ्या बाईंस तिची मजुरी रोख आणि पुरती द्यावी. आपली हौस आणि तिचे फुकट श्रम असा सौदा होता कामा नये.

तिसरी वाट दानाची, आणि तीच अधिक विचाराची आहे. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील शल्यचिकित्सक डॉ. स्टीव्हन आयझेनबर्ग यांनी २००५ साली एक संस्था काढली. धावणारे आपली पदके तिच्याकडे देतात आणि ती दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना व प्रौढांना दिली जातात. तुझीही एक शर्यत चालू आहे आणि ती आम्ही पाहत आहोत, इतकाच त्याचा अर्थ.

यावर कोणी आक्षेप घेईल की, जो धावला नाही त्याच्या गळ्यात पदक घालणे हे खोटे माप नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. तोलमापात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी तो घ्यावयासच हवा. आमचे उत्तर असे की, पदक कशाबद्दल दिले हे पदकावरच लिहिलेले असावे. मूळ मजकुरावर नवी पट्टी बसवून तिच्यावर स्पष्ट लिहावे: ‘एक वर्ष औषधोपचार धीराने पुरा केल्याबद्दल’, किंवा ‘शालेय स्पर्धेत ४०० मीटर धावण्यात प्रथम’. मग वजन खरे आणि शिक्काही खरा. तोकिओच्या २०२० च्या ऑलिंपिकसाठी सुमारे ६२ लाख जुने भ्रमणध्वनी व इतर उपकरणे गोळा करून त्यांतील धातूंतून सुमारे पाच हजार पदके घडविण्यात आली. टाकाऊतून पदक होऊ शकते, तर पडून असलेल्या पदकातून एखाद्या खेड्यातील शाळेचे बक्षीस का होऊ नये? सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा आपला स्वतंत्र जिल्हा २०२३ साली झाला आहे. जिल्हा नवा आहे, तेव्हा रीतीही नव्या पाडता येतील.

आता मुद्द्याची गोष्ट. पहाटे आपल्याच रस्त्यांवर आणखी एक वर्ग धावतो. सैन्यभरतीतील १,६०० मीटरच्या धावेसाठी आणि पोलीसभरतीसाठी ही शेतकऱ्यांची, हमालांची आणि मजुरांची मुले धावत असतात. त्यांच्या धावेस प्रवेशशुल्क नाही, टी-शर्ट नाही, पदक नाही, आणि पुष्कळदा पायात धड जोडेही नाहीत. आपला तरुण तब्येतीसाठी धावतो; तो मुलगा पोटासाठी धावतो. दोघांचा रस्ता एक आणि वेळ एक, परंतु एकमेकांशी शब्द नाही. आमच्या मते या हौसेतील खरी उणीव हीच आहे. पेटीतल्या पदकांची सोय कोणीही लावील. ही उणीव मात्र आपणांसच भरावी लागेल.

म्हणून आमची व्यापारीबंधूंस सूचना अशी. धावपटू साधारणतः पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर जोडे बदलतात. पार झिजलेला जोडा दान म्हणून देऊ नये. जो दाणा आपण स्वतः खाणार नाही, तो दुसऱ्याच्या पदरात घालणे हे दान नव्हे. थोडाच वापरलेला, धुतलेला, मापाचा जोडा द्यावा. किंवा वर्षातील एका शर्यतीस न जाता त्या प्रवासाच्या व मुक्कामाच्या पैशांत एकास नवा जोडा घेऊन द्यावा. चांगले टी-शर्ट त्याच मुलांस द्यावेत. आणि जोड्याहून मोठी वस्तू म्हणजे आपला अनुभव. दम कसा राखावा, आरंभी वेग कसा आवरावा, पाय दुखावल्यास विश्रांती कधी घ्यावी, हे आपल्या तरुणांनी पैसे खर्चून शिकलेले असते. आठवड्यातून एक पहाट त्या मुलांसोबत धावले, तर ते ज्ञान फुकट वाटले जाईल आणि त्यात घट येणार नाही. त्यांच्यापैकी एखादा भरती झाला, तर त्या दिवशीचे पेढे हीच आपल्या तरुणांची खूण.

दक्षिण आफ्रिकेत ‘कॉम्रेड्स’ नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत १९२१ साली व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने सुरू केली. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांसाठी त्याला पुतळा नको होता. लोकांनी धावून त्यांची आठवण ठेवावी अशी त्याची इच्छा होती. त्या शर्यतीचे पदक आकाराने अगदी लहान असते. दहा वेळा ती पुरी करणाऱ्यास त्याचा क्रमांक कायमचा दिला जातो. म्हणजे मान धातूच्या आकारात नाही, सातत्यात आहे.

उद्या आपल्या भागात व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने एखादी शर्यत झालीच, तर तीत जस्ताच्या पदकांचा नवा ढीग करू नये, अशी आमची विनंती आहे. आपली भूमी संत्र्यांची आहे. धावणाऱ्याच्या हाती संत्र्याचे एक कलम द्यावे. ज्यास शेत आहे त्याने ते शेतात लावावे. ज्यास नाही त्याने ते शाळेच्या आवारात लावून पाणी घालावे. ते जगले तर चार-पाच वर्षांनी फळ देईल, आणि ज्यास ते फळ मिळेल त्यास कोण किती मिनिटांत धावले हे ठाऊक असण्याची गरज राहणार नाही.

तोवर माळ्यावरील गाठोडे खाली काढावे. दिवाळीच्या आधी गोदाम झाडून घेतो, त्याच दिवशी हेही काम उरकता येईल. जे सांगण्याजोगे आहे ते लिहावे, जे वापरण्याजोगे आहे ते शिवावे, जे देण्याजोगे आहे ते द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे धावावयास निघावे. मात्र या वेळी एकट्याने नव्हे.